कलेजी खाऊन मी जगले

सगळ्यात आधी माझी जीभ बिघडली. दुसऱ्या खेपेचा पाचवा महिना होता. ठेच्याशिवाय ज्वारीची भाकरी न उतरणारी मी, मला साधं तुरीचं वरण झोंबायला लागलं. आरशात पाहिलं तर जीभ लालभडक आणि गुळगुळीत, कुणी घासून काढल्यासारखी. मग पायांना सूज आली. विहिरीवरून घरापर्यंत घागर आणताना दोनदा खाली बसावं लागे आणि कानात ठोके ऐकू येत. नखं पांढरी पडली. सासूबाई म्हणाल्या, "पोटुशी असताना असं होतंच. मला सातही वेळा झालं."

त्यांच्या सातांपैकी दोन जगले, हे त्या सांगत नसत.

हे दुखणं मी आता लिहून काढते आहे, कारण आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात घरोघरी बायका याच दुखण्याने जातात आणि लोक म्हणतात, बाळंतपणात गेली. बाळंतपणाने नाही जात त्या. आधीच संपलेल्या असतात.

माझं सासर अमरावतीचं. सासरे, म्हणजे आमचे मामंजी, याज्ञिक. गावातल्या बऱ्याच घरांची लग्नकार्यं आणि श्राद्धं त्यांच्या हातून होत. आमचे हे, म्हणजे माझे पती, शाळेत इंग्रजी शिकवत. धाकटे दीर मामंजींबरोबर भिक्षुकी करत. त्यांचं लग्न तेव्हा नुकतंच झालं होतं. माझी थोरली मुलगी शांता चार वर्षांची होती.

मामंजींच्या ओळखीच्या वैद्यांनी मला मंडूर, म्हणजे लोहाचं भस्म, दिलं. दीड महिना मधातून चाटलं. दीड महिन्यानंतर मला उठून बसायलाही भिंत धरावी लागायला लागली. तेव्हा बाळंतपणाचं निमित्त करून माझा दादा मला अकोल्याला माहेरी घेऊन गेला. शांताला सासूबाईंनी ठेवून घेतलं. बडनेऱ्याला गाडी बदलताना दादाने मला दोन्ही हातांवर उचललं. सातवा लागलेली बाई, आणि तो म्हणाला, "यमू, तुझं वजनच लागत नाही गं हाताला."

* * *

अकोल्याला बायकांच्या दवाखान्यात मुंबईहून शिकून आलेल्या एक डॉक्टरीणबाई होत्या. चाळिशीच्या, करड्या केसांच्या, फार न बोलणाऱ्या. त्यांनी माझ्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब टिपकागदावर घेतला आणि लाल रंगांच्या एका छापील पट्टीजवळ धरला. पट्टीवर वर गडद लाल आणि खाली खाली फिकट होत गेलेले चौकोन होते. त्यांचं बोट खाली उतरत गेलं. शेवटच्या चौकोनाशी थांबलं. माझा थेंब त्याहून फिका होता. पान खाऊन थुंकलेलं पाणी असतं ना, तसा.

"लोह घेत होतात?" त्यांनी विचारलं.

"दीड महिना."

"ह्या रक्ताला लोहाचा उपयोग नाही." त्या खुर्ची ओढून माझ्या आईजवळ बसल्या. "मी जे सांगते ते पूर्ण ऐकून घ्या. रक्त असं पातळ होऊन माणसं मरायची आणि जगात कुठेच त्याला औषध नव्हतं. गेल्या काही वर्षांत परदेशातल्या डॉक्टरांना शोध लागलाय. ती माणसं आता रोज यकृत खातात आणि जगतात."

"यकृत म्हणजे?" आईने विचारलं.

"बकऱ्याची कलेजी. फार शिजवायची नाही, नाहीतर गुण जातो. रोज पाव शेर."

आई उठली आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. माझी आई विधवा, सोवळी. कांद्यालासुद्धा ती वीस वर्षांत शिवली नव्हती.

मी विचारलं, "त्याने मी नक्की बरी होईन?"

"छातीठोक सांगत नाही. तुमचं दुखणं परदेशातल्या दुखण्यासारखं दिसतं, पण तेच आहे की नाही हे अजून कुणालाच नीट माहीत नाही. मी दोन बायकांना सांगितलं होतं. एक चालत घरी गेली."

"आणि दुसरी?"

"दुसरीने खाल्लं नाही."

नाही खाल्लं तर किती दिवस, हे मी विचारलं नाही. त्यांनी आपणहून सांगितलं, बाळंतपणाच्या कळा हे शरीर सोसणार नाही. मला त्या वेळी रडू आलं नाही. राग आला. इतक्या लांब कुठल्या तरी देशात लोकांनी एवढी खटपट करून उपाय शोधला आणि तो नेमका मला न खाता येणारा निघाला!

* * *

मला दवाखान्यातच ठेवून घेतलं. दादाचं म्हणणं पडलं की सासरी विचारल्याशिवाय काही करायचं नाही. पुढे बोल लागायला नको. त्याने पत्र लिहिलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं, तेही उघड्या कार्डावर. मामंजींच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "सुनेस तीर्थ द्यावे. अभक्ष्य भक्षण करून वाचल्यास तिचा ह्या घराशी अन्नोदकाचा संबंध राहणार नाही." पोस्टमनपासून दवाखान्याच्या शिपायापर्यंत ज्याला वाचता येत होतं त्या प्रत्येकाने ते वाचलं असणार.

रविवारी हे आले. चारला भेटायची वेळ. खाटेशेजारी उभेच राहिले, बसले नाहीत. मी डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. ह्यांनी डॉक्टरीणबाईंकडून त्या शोधाबद्दल छापून आलेलं इंग्रजी मासिक मागून घेतलं, खिडकीशी जाऊन वाचलं, नीट घडी घालून परत दिलं.

"खरं आहे का हो त्यात लिहिलेलं?" मी विचारलं.

"खरं असावं."

"मग मी काय करू?"

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाले, "तुला योग्य वाटेल ते कर. फक्त मला विचारून केलंस असं कुणाला सांगू नकोस."

आज इतक्या वर्षांनी मला त्या कार्डाचा तेवढा राग येत नाही. मामंजींना जे वाटत होतं ते त्यांनी आपल्या सहीने लिहिलं. ह्यांनी मासिक वाचलं होतं.

* * *

माझ्या शेजारच्या खाटेवर गिरजा होती. मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातली माळीण. घरची वांगी-मेथीची वाडी, झेंडूची फुलं, आठवड्याला दोनदा मूर्तिजापूरच्या बाजारात माल. तिलाही माझंच दुखणं. तिच्या घरी गळ्यात तुळशीची माळ घालणारे सासू-सासरे, म्हणजे तिलाही ते निषिद्धच. हे मला नंतर कळलं. कारण तिने माझ्या आधी दोन दिवस खायला सुरुवात केली होती आणि कुणाजवळ त्याचा शब्दही काढला नव्हता.

हे गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"बाई, काहून रडून राह्यल्या तुमी?" गिरजाने विचारलं.

मी सांगितलं.

"मंग बुवा गेला का परत?"

"गेले."

"बरं झालं. आता त्याले इचारायचं काम नाई." ती कुशीवर वळली. तेवढ्यानेही तिला धाप लागली. "हे पाहा, मले दोन लेकरं हायेत घरी. मी मेली तं आमचा मानूस वरीस नाई होऊ देत, दुसरी आनते. मंग माह्या लेकरायच्या ताटात कोन वाढते, किती वाढते, मी थोडीच पाहाले येतो? खाऊन घ्या बाई. मेल्यावर कोनी नाई पुसत, का बाटून मेली का चोख मेली."

"तुला कसं गेलं गं ते घशाखाली?"

"नाक दाबलं अन् लेकराचं नाव घेतलं."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास आयाने चिनी मातीचा वाडगा आणला. कलेजी बारीक वाटून, उकळत्या पाण्यातून काढून, मीठ-लिंबू लावलेली. रंग विटकरी. वास मला अजून येतो, त्याबद्दल लिहीत नाही. पहिला घास उलटून पडला. दुसराही. आई व्हरांड्यात पाठ करून बसली होती आणि तिच्या तोंडाने जप चालला होता. तिसऱ्या घासाला मी शांताचं नाव घेतलं आणि गिळला. मग ज्याचा चेहरा पाहिला नव्हता त्या पोटातल्या बाळाला नाव नव्हतं, म्हणून शांताचंच पुन्हा घेतलं. त्या दिवशी सात घास गेले.

वाडगा रिकामा झाल्यावर आई आत आली आणि पदराने तिने माझं तोंड पुसलं. दवाखान्याच्या मोरीत आंघोळ केली, ओल्या लुगड्याने घरी गेली. दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा हजर. असं ती सत्तेचाळीस दिवस करत होती. माझ्यासाठी सोवळं मोडायचं आणि परत बांधायचं.

सहाव्या दिवशी मला भूक लागली.

ज्यांना हे दुखणं झालं नाही त्यांना या वाक्याची किंमत कळणार नाही. तीन महिन्यांत मला भूक म्हणून लागली नव्हती. मी गिरजाला म्हटलं, "मला भाकरी पाहिजे." ती हसायला लागली, तिला ठसका लागला, आया धावत आली. दोन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोट टोचलं. टिपकागदावर लाल ठिपका पडला. त्या पट्टी न आणताच त्याच्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "मीसुद्धा हे पहिल्यांदाच इतकं स्पष्ट बघते आहे." त्यांचे डोळे भरले होते. त्या दवाखान्यातला मला आठवतो तो एवढाच आनंद, आणि तो पुरा होता.

मुलगा झाला. लहानखुरा, पण रडला जोरात.

* * *

परत जाताना मूर्तिजापूरच्या फलाटावर गिरजा उभी होती. ती आधीच बाळंत होऊन घरी गेली होती. दादाने तिच्या गावच्या मास्तरांच्या नावाने कार्ड टाकलं होतं. तिच्या छातीशी तिची तान्ही पोर, हातात वांग्यांची टोपली आणि वर झेंडूची फुलं. खिडकीतून तिने माझ्या मुलाचा हात धरून पाहिला, नखं दाबून पाहिली.

"लाल हाय," ती म्हणाली. "आता सुखानं जा घरी."

अमरावतीच्या घराच्या दारात सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, मुलाला माझ्या हातून घेतलं, छातीशी धरलं. मी उंबऱ्याकडे पाऊल टाकलं तर म्हणाल्या, "तू मागच्या दाराने ये."

ज्या कलेजीने त्या पोराचं अंग भरलं, तीच माझ्याही अंगात होती. पोर पुढच्या दाराने गेलं, मी मागच्या. बारशाला मामंजींनी त्याला मांडीवर घेऊन कानात नाव सांगितलं.

माझ्याकडून प्रायश्चित्त करवलं. पंचगव्य घेतलं, उपास केले, जे सांगितलं ते सगळं केलं. मला वाटलं, झालं आता. पण नाही. परसातल्या खोलीत माझं ताट वेगळं. स्वयंपाकघरात आणि देवघरात पाऊल नाही. माझ्या हातचं पाणी कुणी घेत नसे. शांता विचारायची, "आई, तू आत येऊन आमच्याबरोबर का जेवत नाहीस?" सासूबाई माझ्यादेखत तिला सांगत, "आईने घाण खाल्ली होती." हे समोर जेवत असत. भात कालवत असत.

धाकटी जाऊ कमल रोज माझं ताट परसात आणून ठेवी. सतरा-अठराची पोर. कुणी बघत नसलं की वरणावर तुपाची धार जास्त धरायची. दोन वर्षं तिने ते ताट आणलं आणि दोन वर्षं तिने सगळं पाहिलं.

* * *

मग तिला दिवस गेले. सहाव्या महिन्यात एकदा ताट ठेवताना तिने जिन्याला टेकून श्वास घेतला. मी म्हटलं, "कमल, जीभ दाखव."

लाल, गुळगुळीत. नखं माझी होती तशीच.

मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझं तू करून बसलीस, आता तिला नको त्यात ओढूस." मी त्याच दिवशी अकोल्याला डॉक्टरीणबाईंना पत्र लिहिलं. आठ दिवसांत दादा स्वतः एक बरणी आणि इंग्रजी पत्र घेऊन आला. पत्र ह्यांनी वाचून दाखवलं, आणि मान्य करायला हवं, सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं की मधल्या काळात मुंबईत अशाच गरोदर बायकांवर पुष्कळ काम झालं आहे. त्यात असं दिसून आलं की कलेजीने जो गुण येतो तोच यीस्टच्या, म्हणजे पाव फुगवायला वापरतात त्या किण्वाच्या, अर्कानेही येतो. त्यात मांस अजिबात नाही. कोणीही खावं. शेवटी माझ्यासाठी एक ओळ होती, "हे मला तेव्हा माहीत असतं तर तुम्हाला त्या वाडग्यातून जावं लागलं नसतं."

ती ओळ वाचताना ह्यांचा आवाज जरा खाली गेला. मी काय करावं? हसावं? माझी दोन वर्षं, माझ्या आईचे ते सत्तेचाळीस दिवस, आणि उपाय एका काळ्या चिकट लेपात होता.

सासूबाईंनी बरणीचं झाकण काढलं, वास घेतला आणि झटकन नाकाला पदर लावला. "हे मांसच आहे."

खरंच तसा वास येतो त्याला. खारट, मांसाच्या रश्शासारखा. मी म्हटलं, "सासूबाई, मी हे खाल्लेलं नाही, पण कलेजी खाल्ली आहे. तो वास वेगळा. पत्रात लिहिलंय बघा."

"तुला काय कळणार आता वासातलं," त्या म्हणाल्या. "तुझी जीभ बाटली, नाक बाटलं."

मामंजींनी ह्यांना विचारलं, "तू खात्रीने सांगतोस यात अभक्ष्य नाही?"

हे म्हणाले, "पत्रात तसं लिहिलं आहे."

"मी पत्राचं विचारत नाही. तू सांगतोस का?"

कमल दाराआड उभी होती, तिचे पाय मला दिसत होते, सुजलेले. ह्यांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, "मी काही वैद्य नाही."

* * *

बरणी माझ्या खोलीत आली. दुसऱ्या दिवशी कमल ताट घेऊन आली तेव्हा मी तिला बसवलं आणि माझ्याच भातात चमचाभर अर्क कालवून दिला. तिने खाल्ला. तोंड वाकडं केलं, म्हणाली, "चिंचेच्या कोळात मीठ जास्त पडल्यासारखं लागतं." तिसऱ्या दिवसापर्यंत खाल्ला. चौथ्या दिवशी ताट ठेवून उभीच राहिली.

"बस ना."

"नको वहिनी."

"अगं, यात काही नाही. मी माझ्या मुलाची शपथ घेते."

"मला माहीत आहे काही नाही. माझा तुमच्यावर विश्वास आहे." ती रडायला लागली. "पण काल सासूबाईंनी माझं तोंड हुंगलं. त्यांना कळलं तर मलाही इथे बसवतील. तुम्ही बसता, तुमच्यात तेवढी ताकद आहे. माझं मूल माझ्याकडे बोट दाखवून 'आईने घाण खाल्ली' म्हणालेलं मला नाही सोसणार, वहिनी. त्यापेक्षा जाईन ती बरी."

मी तिचा हात धरला. मी तिला ओढून बसवायला हवं होतं, तोंड उघडून घालायला हवं होतं. तिच्या माहेरी कळवायला हवं होतं. मी हे सगळं नंतर हजार वेळा केलं. त्या दिवशी मी फक्त म्हटलं, "उद्या तरी खा." ती डोळे पुसून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून माझं ताट सासूबाई स्वतः आणून उंबऱ्यावर ठेवायला लागल्या.

सहा आठवड्यांनी कमल गेली. मूल आधी गेलेलं निघालं, ती संध्याकाळी. सुईण म्हणाली, रक्त फारसं गेलंच नाही. जायला होतं कुठे?

लोक भेटायला आले आणि म्हणाले, बाळंतपणात गेली. मामंजी मान डोलवत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते खोटं नव्हतं. मी त्यांना खोटे म्हणत नाही. कमलला आजाराने मारलं हेही मी म्हणत नाही. आजारावरचा उपाय माझ्या खोलीतल्या फळीवर होता. मला जगल्याबद्दल त्या घराने जी शिक्षा दिली, ती तिने दोन वर्षं जवळून पाहिली आणि त्या शिक्षेच्या भीतीने ती मेली.

* * *

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी सकाळी सासूबाई परसात आल्या. त्यांचे हात त्या वर्षभरात थरथरायला लागले होते. तवा धरवत नव्हता. घरात दुसरी बाई उरली नव्हती. बाहेरची स्वयंपाकीण मामंजींच्या सोवळ्यात चालत नव्हती. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आजपासून स्वयंपाकाचं तू बघ. आंघोळ करून आत ये."

"माझ्या हातचं मामंजींना चालेल?"

"प्रायश्चित्त झालंय ना तुझं," त्या म्हणाल्या आणि वळल्या.

प्रायश्चित्त दोन वर्षांपूर्वी झालं होतं.

मी आंघोळ केली, ओलेत्याने आत गेले, चूल पेटवली. वरण, भात, वांग्याची भाजी. पानं मांडली. मामंजी पाटावर बसले, चित्राहुती घातल्या. हे बसले, धाकटे दीर बसले, शांता ह्यांच्या शेजारी. मी वाढत गेले. मामंजींनी पहिला घास घेतला आणि चावत राहिले.

मग ते म्हणाले, "भाजी बरी झाली आहे. थोडी आणखी वाढ."

मी वाढली.